इंग्लिश कायद्याखालील करार मोडल्यास ठरलेली वस्तूच कशी मागावी

अंधेरीच्या एमआयडीसीतला किंवा भिवंडीतला उद्योजक इंग्लंडमधून यंत्र मागवतो, तेव्हा करारपत्राच्या शेवटी ‘या करारास इंग्लंड व वेल्सचा कायदा लागू राहील’ असे कलम अनेकदा असते आणि सही करताना त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. विक्रेत्याने ऐनवेळी यंत्र द्यायला नकार दिला, म्हणजे त्या कलमाशी गाठ पडते. करारभंग सिद्ध झाल्यावर नुकसानभरपाई हक्काने मिळते. पण ‘पैसे नकोत, यंत्रच द्या’ असा हुकूम, म्हणजेच करारपालनाचा हुकूम, हा इक्विटीतला (न्यायबुद्धीवर आधारलेल्या इंग्लिश नियमांतला) उपाय असल्याने तो देणे न देणे न्यायाधीशांच्या स्वेच्छाधिकारात असते. म्हणून तयारी नकाराचे पत्र हाती पडेल त्याच दिवशी सुरू करावी.

सर्वप्रथम, पैशाने हे नुकसान का भरून येणार नाही, याचा पुरावा जमवावा. ही पायरी सर्वांत अवघड आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॉन्क्स इंजिनिअरिंगच्या खटल्यात २२० टनांहून अधिक वजनाचे यंत्र दुसरीकडून मिळायला नऊ ते बारा महिने लागणार होते, तरीही अपील न्यायालयाने खरेदीदाराला भरपाई पुरेशी मानली. याउलट १९७३ च्या तेलटंचाईत स्काय पेट्रोलियम या कंपनीला पेट्रोल दुसरीकडे मिळणेच शक्य नव्हते, म्हणून पुरवठा थांबवण्यास न्यायालयाने मनाई केली. तेव्हा नुसता उशीर दाखवून भागत नाही. इतर उत्पादकांना पत्रे लिहून ‘असे यंत्र आम्ही बनवत नाही’ अशी लेखी उत्तरे मिळवावीत आणि बंद पडणाऱ्या कामाचे मोल पैशात मोजणे का अशक्य आहे, ते हिशेबासह मांडावे. १९७९ च्या मालविक्री कायद्याचे कलम ५२ ठरावीक किंवा निश्चित झालेल्या मालापुरतेच असल्यामुळे यंत्राचा अनुक्रमांक करारात लिहून घेतलेला असणे फार मोलाचे ठरते.

मागणीही नेमकी हवी. १९९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने) शेफील्डमधील तोट्यात चाललेले सुपरमार्केट चालू ठेवण्याचा हुकूम नाकारला, कारण असा हुकूम पाळला जातो की नाही यावर न्यायालयाला सतत लक्ष ठेवावे लागले असते. म्हणून यंत्राचा ताबा मागावा. पाच वर्षांच्या देखभालीची सक्ती मागू नये.

त्यानंतर आपले वर्तन स्वच्छ ठेवावे. हप्ता थकवू नये, बँकेच्या पतपत्राची (लेटर ऑफ क्रेडिटची) मुदत संपू देऊ नये, महिनोन्‌महिने गप्प बसू नये. संतापाच्या भरात ‘करार संपला, पैसे परत करा’ असा ईमेल मात्र कधीही पाठवू नये. जॉन्सन विरुद्ध ॲग्न्यू या १९७९ च्या निर्णयानुसार, आधी करारपालनाचा हुकूम मागणाऱ्याला तो हुकूम पाळला न गेल्यास पुढे न्यायालयाच्या परवानगीने करार संपवून भरपाईकडे वळता येते. पण करार एकदा संपवला, की पालनाची मागणी कायमची जाते.

विक्रेता ते यंत्र तिसऱ्याला विकण्याच्या बेतात असेल, तर तात्पुरत्या मनाई हुकुमासाठी तातडीने अर्ज करावा. अमेरिकन सायनामिड या १९७५ च्या निर्णयाप्रमाणे वादात विचार करण्याजोगा गंभीर मुद्दा आहे का, भरपाई पुरेशी ठरेल का आणि सोयीचे पारडे कोणाकडे झुकते, म्हणजे हुकूम दिल्याने किंवा न दिल्याने कोणाची गैरसोय जास्त होईल, हे पाहिले जाते. अर्जदाराला सहसा अशी हमीही द्यावी लागते, की हुकूम अयोग्य ठरल्यास समोरच्याचे नुकसान तो भरून देईल. ही रक्कम मोठी होऊ शकते, म्हणून ती आधीच पेलता येते का ते तपासावे.

इक्विटीत याखेरीज आणखी दोन उपाय आहेत. खोट्या माहितीवर करार झाला असेल, तर तो रद्द करून घेता येतो आणि मसुद्यात ठरल्यापेक्षा वेगळे लिहिले गेले असेल, तर दस्त दुरुस्त करून मिळतो. मात्र खरी माहिती कळल्यानंतरही व्यवहार चालू ठेवला, तर रद्द करण्याचा हक्क जातो.

मुंबईकराने आणखी एक गोष्ट आधीच पाहावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांचे फक्त पैशाचे हुकूमनामे येथे थेट बजावता येतात, करारपालनाचे नाहीत. विक्रेता आणि यंत्र दोन्ही इंग्लंडमध्ये असतील, तर अडचण नाही, कारण तिथे हुकूम मोडणे हा न्यायालयाचा अवमान ठरतो. पण प्रतिपक्षाची मालमत्ता भारतात असेल, तर करारात लंडनमधील लवादाचे कलम घालणे अधिक हिताचे, कारण इंग्लंडच्या १९९६ च्या लवाद कायद्याने लवादालाही जमिनीचे करार वगळता करारपालनाचा आदेश देता येतो आणि तसा निवाडा न्यूयॉर्क कराराच्या (परदेशी लवाद निवाडे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) आधारे मुंबई उच्च न्यायालयात अंमलबजावणीसाठी नेता येतो. मार्ग कोणताही निवडला, तरी दाव्यात पर्यायी मागणी म्हणून भरपाई अवश्य लिहावी.