कोटेड शिशाच्या बुलेट पहिल्यांदाच भरताय? या चुका टाळा

कोटेड बुलेटबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. नळीत शिसं साचतं, टार्गेटवर बुलेट आडव्या लागतात, निम्मे राउंड, म्हणजे भरलेली काडतुसं, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) बसतच नाहीत. आणि निष्कर्षही ठरलेला: "या बुलेटच भिकार आहेत." मला तो पटत नाही, कारण अशा तक्रारींमधल्या कितीतरी बुलेट मी केसमधून, म्हणजे काडतुसाच्या पितळी पुंगळीतून, उपसून हातात घेऊन पाहिल्या आहेत. नळीत शिरण्याआधीच त्यांची वाट लागलेली असते, आणि ती लागलेली असते बेंचवर, काडतुसं भरायच्या प्रेसखाली.

घरी राउंड भरायला आपल्या देशाचा कायदा परवानगी देतो का आणि कोणता परवाना लागतो, हे आधी पाहून घ्या. पुढचं सगळं त्यानंतर.

मूळ अडचण एकच. ज्याने आजवर तांब्याच्या जॅकेटच्या बुलेट भरल्या, तो डायची (प्रेसमध्ये बसवायच्या साच्यांची) सेटिंग तशीच ठेवतो आणि फक्त बुलेटचा डबा बदलतो. जॅकेट कडक असतं, केसच्या कडेने त्याला ओरखडा पडला तरी फारसं बिघडत नाही. कोटेड बुलेट म्हणजे शिशाचा मिश्रधातू आणि त्यावर भाजून बसवलेला पॉलिमरचा पातळ थर. तो थर कापला गेला की आत उघडं शिसं. शिवाय ही बुलेट जाडही असते: ९ मिमी मध्ये जॅकेटवाली ०.३५५ इंच, तर कोटेड साधारण ०.३५६; .४५ एसीपी मध्ये ०.४५१ च्या जागी ०.४५२; .३८ स्पेशलमध्ये ०.३५७ च्या जागी ०.३५८. हा एक हजारांश इंच मुद्दाम ठेवलेला असतो. बुलेटने नळीच्या खाचा पूर्ण भरल्या पाहिजेत. फट राहिली तर तिच्यातून गरम वायू पुढे निसटतो, बुलेटची कड जाळत जातो, आणि तेच शिसं नळीला चिकटतं.

केसचं तोंड पुरेसं न फुलवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. जॅकेटवाल्या बुलेटसाठी तोंड जेमतेम उघडलं तरी चालतं. बुलेटचा तळ निमुळता असेल तर ती आपोआप सरकतेही. कोटेड बुलेटचा तळ अनेकदा सपाट आणि कड धारदार असते. केसचं तोंड अपुरं उघडलं असेल तर बुलेट बसवताना पितळेची कड थराला तासत जाते. राउंड डायमधून बाहेर आला की केसच्या तोंडाशी नीट बघा. पेन्सिलच्या सालीसारखी रंगीत कोर वळून बसलेली दिसली, तर तो राउंड बाजूला काढा आणि पुढचा भरू नका. ती कोर नखाने उडवून राउंड डब्यात टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कोर गेली, पण जिथून ती निघाली तिथलं शिसं उघडंच राहिलं.

तोंड किती फुलवायचं? बुलेट बोटांनी केसवर ठेवली की तिचा तळ किंचित आत बसला पाहिजे आणि ती सरळ उभी राहिली पाहिजे, हात काढला तरी कलता कामा नये. याहून जास्त फुलवलं तर केसचं तोंड लवकर चिरतं आणि केस पुढच्या डायमध्ये अडकते. केसची लांबी कमीजास्त असेल तर फुलवणंही कमीजास्त होतं, म्हणून सेटिंग करताना मी ढिगातली सगळ्यात आखूड केस घेतो. तिच्यात बुलेट नीट उभी राहिली की बाकीच्यांची चिंता नाही.

नुसतं तोंड फुलवून भागत नाही, हे मात्र फार कमी जण सांगतात. ज्या एक्सपांडरने तोंड उघडतं, त्याचा खालचा भाग जॅकेटवाल्या बुलेटच्या मापाचा, म्हणजे बारीक असतो. वर तोंड छान उघडलेलं, पण खाली केस अरुंदच. मऊ बुलेट तिथे शिरताना पितळ हरत नाही, शिसं हरतं, आणि बुलेटचा तळ आवळला जातो. ९ मिमी मध्ये १४७ ग्रेन (वजनाचं छोटं एकक) वजनाच्या लांब बुलेटला हा त्रास जास्त होतो, कारण तिचा तळ खोलवर जातो आणि केसची भिंत खाली खाली जाड होत जाते. शिशाच्या बुलेटसाठी जाड, पायरीचा एक्सपांडर मिळतो. तो घ्या. या एका तुकड्यावर पैसे वाचवून नंतर नळी घासत बसण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

क्रिंप म्हणजे बुलेट घट्ट धरणं, हा गैरसमज

रेंजवरच्या एका मित्राच्या ९ मिमी पिस्तुलातून बुलेट आडव्या लागायला लागल्या. कागदावर गोल भोकांऐवजी चक्क बुलेटची लांबट आकृती. नळीत पहिल्या काही इंचांत शिशाची राखाडी पट्टी. त्याने पावडर बदलली. मग बुलेट बदलल्या, जास्त कडक मिश्रधातूच्या आणल्या. मग नळीच बाद झाली असं म्हणायला लागला आणि नवी मागवायच्या बेतात होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी त्याला एवढंच म्हटलं, "भरलेला एक राउंड दे." हातोडीसारखा पुलर असतो, त्यात राउंड अडकवून आपटला की बुलेट बाहेर येते. बुलेट मायक्रोमीटरवर धरली. डब्यातली नवी बुलेट ०.३५६ भरत होती, केसमधून काढलेली ०.३५४. थरावर कुठेही काप नव्हता, रंग शाबूत होता, म्हणून त्याला शंकाच आली नव्हती. त्याच्या शेवटच्या डायमध्ये क्रिंपबरोबर (क्रिंप म्हणजे बुलेट बसल्यावर केसचं तोंड आत दाबणं) कार्बाइड या कडक धातूची एक रिंग होती, जी भरलेला राउंड बाहेरून पुन्हा दाबून मापात आणते. राउंड चेंबरमध्ये हमखास बसावा म्हणून ती असते. जॅकेटवाल्या बुलेटच्या राउंडला ती सहसा स्पर्शही करत नाही. जाड कोटेड बुलेट केसमध्ये असली की तीच रिंग केससकट बुलेट आवळते. पितळ नंतर थोडं उसळून परत येतं, शिसं येत नाही. म्हणजे बुलेट बारीकही होते आणि केसमध्ये सैलही. वर त्याने क्रिंपही घट्ट पिळला होता, "बुलेट हलू नये म्हणून".

डाय बदलली, तोंड हलकेच सरळ करणारा साधा टेपर क्रिंप लावला. त्याच बुलेट, तीच पावडर, तीच नळी. कागदावर गोल भोकं.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करा. बुलेट धरून ठेवायचं काम केसच्या भिंतीचं आहे, क्रिंपचं नाही. पिस्तुलाच्या राउंडमध्ये क्रिंपने फक्त फुलवलेलं तोंड परत सरळ करायचं. ९ मिमी मध्ये मी केसच्या तोंडाशी ०.३७८ ते ०.३८० इंच एवढंच माप ठेवतो. हा राउंड चेंबरमध्ये केसच्या तोंडावर टेकतो, ते तोंड आत वळवलं तर टेकायला काही उरत नाही. आणि बुलेट बसवणं व क्रिंप करणं वेगवेगळ्या डायमध्ये करा. एकाच डायमध्ये दोन्ही केलं की बुलेट अजून खाली सरकत असताना तोंड आवळायला लागतं आणि थर सोलला जातो. एक पायरी वाचते म्हणून लोक हे करतात. पी हळद आणि हो गोरी या वृत्तीने हा छंद धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिव्हॉल्व्हरचा हिशोब वेगळा. तिथे बुलेटला क्रिंपची खाच असते आणि तोंड त्या खाचेत वळवायचं असतं.

माझी सवय अशी: नवीन बुलेट आली की आधी पावडर आणि प्राइमरशिवाय (प्राइमर म्हणजे पावडर पेटवणारी टोपी) काही नकली राउंड भरायचे. ते पुलरने उघडायचे, थर बघायचा, व्यास मोजायचा. क्रिंपची पुसटशी रेघ दिसली तर हरकत नाही. चंदेरी शिसं दिसलं किंवा व्यास घटला, तर डायला परत हात लावायचा. मोजायला मायक्रोमीटरच हवा. साध्या कॅलिपरची चूकच हजारांश इंचाच्या घरात असते आणि आपण शोधतोय तेही तेवढंच.

दुसऱ्याची लांबी उचलणं

"राउंडची लांबी किती ठेवू?" या प्रश्नाला कोणी थेट आकडा दिला तर तो घेऊ नका. कोटेड बुलेटच्या नाकाचा आकार साच्यागणिक बदलतो, आणि काहींचा पूर्ण जाडीचा भाग केसच्या तोंडाबाहेर येऊन नळीतल्या रायफलिंगला, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, टेकतो. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून नळी बाहेर काढा, चेंबर वर करून नकली राउंड आत सोडा. तो टक्कन बसला पाहिजे, बोटाने गरगर फिरला पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने पडला पाहिजे. अडकला तर बुलेट थोडी थोडी खोल बसवत जा. फक्त लक्षात ठेवा, बुलेट खोल गेली की केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो. ९ मिमी ची केस मुळात लहान, तिथे हा फरक मोठा असतो. लांबी कमी केली की पावडर पुन्हा तक्त्यातल्या सुरुवातीच्या वजनापासून.

भरलेला राउंड बेंचच्या कडेवर अंगठ्याने दाबून बघा. बुलेट आत सरकली तर केस बुलेटला धरत नाहीये. तो क्रिंपने दुरुस्त करायला जाऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

पावडरचं वजन छापील तक्त्यातून घ्या, त्याच वजनाच्या शिशाच्या बुलेटचं, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून. जॅकेटचा वरचा आकडा शिशाला लावणं म्हणजे अंदाजपंचे काम.

बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावून बघा. जलद जळणारी पावडर केसचा एवढा कमी भाग व्यापते की दुप्पट पडली तरी सांडत नाही. चांगला दिवा लावा. मोबाइल, गप्पा, टीव्ही सगळं बंद. यात मला कुठलीही सवलत मान्य नाही.

नेमबाजी करताना "फुस्स" असा दबका आवाज आला, झटका नेहमीसारखा बसला नाही, तर तिथेच थांबा. बुलेट नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी तपासल्याशिवाय पुढचा राउंड झाडायचा नाही.

९ मिमी च्या ढिगात .३८० या आखूड काडतुसाच्या केस मिसळतात. त्या वेचून बाजूला काढा.

सगळ्यात कडक बुलेट सगळ्यात चांगली, हे खरं नाही. माप आधी, कडकपणा नंतर.

पॉलिगोनल रायफलिंगची (धारदार खाचांऐवजी गोलसर कोनांची) नळी असेल तर शिशाच्या बुलेटबद्दल पिस्तूल बनवणाऱ्याची सूचना आधी वाचा.

बुलेट स्वतः कोट करत असाल तर थर पातळ द्या आणि पूर्ण भाजा. तपासायला अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या कापडाने चोळा. रंग कापडावर उतरला तर ती बुलेट कच्ची आहे. मग एक हातोडीने चपटी करा, थराचे पापुद्रे सुटता कामा नयेत.

कोटिंग आहे म्हणून शिशाची भीती संपली, असं समजू नका. बहुतेक प्राइमरमध्येही शिशाचं संयुग असतं आणि ते केसमधल्या काजळीत उतरतं. केस साफ करताना उडणारी धूळ सगळ्यात वाईट. बेंचवर खाणंपिणं नको, लहान मुलं जवळ नकोत, उठल्यावर हात साबणाने धुवा.

नळीत शिसं साचलंच तर

दोनचार जॅकेटवाले राउंड झाडले की नळी साफ होते, हा सल्ला अजून फिरतो. ऐकू नका. साचलेल्या शिशामुळे वाट आधीच अरुंद झालेली असते, त्यात कडक बुलेट घुसवली की दाब वाढतो. त्यापेक्षा शुद्ध तांब्याच्या घासणीचे थोडे तंतू जुन्या ब्रशला गुंडाळा आणि कोरड्या नळीत फिरवा. शिसं चकचकीत कपच्यांच्या रूपात बाहेर येतं. घासणी घेताना चुंबक लावून बघा. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी घासणी आहे, ती नळीत घालू नका. शिसं चेंबरच्या अगदी पुढे साचलं असेल तर पहिला संशय व्यासावर घ्या. भरलेला एक राउंड उपसा आणि बुलेट मोजा.