हयातीचा दाखला फोनवर काढायला शिकवताना

साखर कारखान्यातून निवृत्त होऊन ईपीएस ९५ ची (भविष्य निर्वाह निधी खात्याची) पेन्शन घेणाऱ्यांना दाखला नोव्हेंबरमध्येच द्यावा लागतो, हा समज सांगलीकडे अजून पक्का आहे. प्रत्यक्षात दिल्या तारखेपासून तो वर्षभर चालतो. वर्ग केव्हाही घ्या. एका वेळी चारच जण बसवा. जास्त झाले की शिकवणारा घाईनं फोन स्वतःच्या हातात घेतो आणि शिकणं तिथंच संपतं. ‘सोपं आहे हो आप्पा’ असंही म्हणू नका. न जमल्यावर माणूस गप्प होतो.

पहिला दिवस नुसता बोटाचा. तीस वर्षं पाना फिरवलेला हात काचेवर दाबून धरतो आणि भलताच मेनू उघडतो. बोट टेकवून लगेच उचलायला सांगा. बोट कोरडं असेल तर ओलसर फडक्याला पुसून घ्या. सेटिंगमध्ये अक्षर मोठं करा, ‘टच अँड होल्ड’चा वेळ ‘लाँग’वर ठेवा.

दुसऱ्या दिवशी ‘आधार फेस आरडी’ (चेहऱ्यावरून ओळख पटवणारं) आणि ‘जीवन प्रमाण’ (दाखला काढणारं) ही ॲप घ्या. पहिल्याचं चिन्ह पडद्यावर दिसतच नाही, म्हणून लोक ते पुन्हा पुन्हा शोधत बसतात. पुढं ॲप ‘ऑपरेटर’ची, म्हणजे दाखला काढून देणाऱ्याची, ओळख मागतं. पेन्शनर स्वतःही ऑपरेटर होऊ शकतो. आधार, मोबाइल आणि ईमेल लागतो. नंतर त्याच फोनवरून बाकीच्यांचे दाखले निघतात. पहिल्यानं दुसऱ्याचा काढायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. सराव आपोआप होतो.

पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, लांबलचक असतो. वहीत चार-चार आकडे सुटे लिहा. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं दाबायचा. पेन्शन देणारं कार्यालय नीट बघून निवडा. चुकलं तरी प्रमाण-आयडी (दाखल्याचा क्रमांक) येतो, पण दाखला पुढं नाकारला जातो.

चेहऱ्यावर उजेड समोरून हवा. दाराकडं पाठ केली की चेहरा काळा पडतो. टोपी-चष्मा काढून पापण्यांची उघडझाप करायची. अंगठ्याचे ठसे झिजलेल्यांना हीच पद्धत बरी.

दाखल्याला यूपीआय पिन कधीच लागत नाही. ओटीपी विचारणारा फोन आला तर कट करायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हा आकडा वहीत पीपीओच्या खालीच लिहून द्या.