क्राइम फिक्शन अवॉर्ड्सची नॉमिनेशन यादी आली, आता त्यातून वाचायचं काय?

दर जानेवारीत अमेरिकेतल्या एडगर या रहस्यकथांच्या अवॉर्डची नॉमिनेशन्स जाहीर होतात आणि रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर कोणी ना कोणी ती यादी टाकतंच, खाली दहा-बारा अंगठे येतात, दोघं जण "सेव्ह केलं" म्हणतात आणि विषय संपतो. मग निकाल लागला की जिंकलेलं एक पुस्तक कोणीतरी मागवतं आणि बाकीची यादी गेली वाऱ्यावर. मला हे फार खटकतं, कारण वाचणाऱ्यासाठी खरा माल नॉमिनेशनमध्येच असतो. विजेता एकच निवडायचा म्हटल्यावर परीक्षकांना कुठेतरी तडजोड करावीच लागते, पण पाच-सहा पुस्तकं निवडायची असतात तेव्हा एखादं विचित्र, एखादं संथ, एखादं अगदी वेगळ्या देशातलं असं पण आत शिरतं, आणि आपल्या आवडीचं नेमकं तेच निघायची शक्यता जास्त.

तर ही यादी वापरायची कशी ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे यादी कोणी बनवलीय ते बघा. सगळे अवॉर्ड सारखे नसतात आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. एडगर देते मिस्ट्री रायटर्स ऑफ अमेरिका ही लेखकांची संघटना, 1945 ची, पहिलं एडगर 1946 मध्ये दिलं गेलं, नाव अर्थातच एडगर अ‍ॅलन पो वरून, आणि पो चा जन्म 19 जानेवारीचा म्हणून नॉमिनेशन्स त्याच सुमारास येतात. समारंभ न्यूयॉर्कला, एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला, बक्षीस म्हणून पो चा छोटासा पुतळा. इथे प्रत्येक विभागाची वेगळी कमिटी असते आणि कमिटीत लेखकच बसतात, त्यामुळे या याद्यांमध्ये भाषा, रचना, पात्रं यावर मेहनत घेतलेली पुस्तकं भरपूर दिसतात आणि "शेवटच्या पानावर धक्का" वाली त्या मानाने कमी.

ब्रिटनमध्ये डॅगर. तिथली क्राइम रायटर्स असोसिएशन जॉन क्रीझीने 1953 मध्ये सुरू केली, 1955 च्या पहिल्या अवॉर्डचं नाव होतं क्रॉस्ड रेड हेरिंग (हे नाव बदललं ते बरंच झालं, पण मला आवडायचं राव), 1960 पासून गोल्ड डॅगर. इथेही परीक्षकच निवडतात. एप्रिलच्या आसपास लाँगलिस्ट, मग शॉर्टलिस्ट, जुलैत निकाल. लाँगलिस्ट सोडू नका, तिथे जास्त पुस्तकं असतात आणि शॉर्टलिस्टमध्ये न आलेल्यांची नंतर कोणी आठवणसुद्धा काढत नाही.

आता वाचकांच्या मतांवर चालणारे. अगाथा अवॉर्ड मॅलिस डोमेस्टिक नावाच्या संमेलनात देतात, वॉशिंग्टनजवळ, तिथे येणारे लोकच नॉमिनेट करतात आणि मत देतात, बक्षीस म्हणून चक्क चहाची किटली. नावावरून कळलंच असेल, अगाथा ख्रिस्तीच्या वळणाचं रहस्य, रक्ताचा सडा नाही, बेडरूमचे सीन नाहीत, बंद घर, मोजके संशयित, डोकं चालवायचं. अँथनी अवॉर्ड बाउचरकॉन नावाच्या मोठ्या संमेलनात, 1986 पासून, अँथनी बाउचर या समीक्षकाच्या नावाने, तिथेही मतदान चाहत्यांचं. लोकांच्या मतावर चालणाऱ्या यादीत लोकप्रिय मालिका आणि सगळ्यांचे लाडके लेखक परत परत येतात, त्यात वाईट काही नाही, उलट ऑफिसमधून दमून आल्यावर वाचायला काहीतरी हवं असेल तर मी आधी अगाथाच्याच यादीत बघते. इंग्लंडमधल्या हॅरोगेटचा थीकस्टन अवॉर्ड या दोन्हीच्या मधला आहे, परीक्षकही आणि जनतेचं मतही, आणि जिंकणाऱ्याला रोख रकमेसोबत ओकच्या लाकडाचं बिअरचं पिंप, स्पॉन्सर बिअरवाला असल्यावर आणखी काय मिळणार.

याशिवाय मॅकॅव्हिटी, बॅरी, शेमस (फक्त खासगी डिटेक्टिव्हवाल्या कथा), ऑस्ट्रेलियाचा नेड केली, न्यूझीलंडचा नायो मार्श, नॉर्डिक देशांचा ग्लास की, जपानचा एदोगावा रांपो... सगळं फॉलो करायला गेलात तर वाचायला वेळच उरणार नाही. दोन निवडा, एक परीक्षकांचा आणि एक वाचकांचा, बस.

दुसरं, "बेस्ट नॉव्हेल" वर अडकू नका. एडगरमध्ये "बेस्ट पेपरबॅक ओरिजिनल" म्हणून विभाग आहे, म्हणजे जी पुस्तकं हार्डकव्हर न निघता थेट पेपरबॅकमध्ये आली, त्यांना पेपरात परीक्षणं कमी, जाहिरात कमी, आणि मला तरी सगळ्यात जास्त आनंद याच विभागाने दिलाय. "बेस्ट फर्स्ट नॉव्हेल" पण बघा, पण तो फक्त अमेरिकन लेखकांसाठी असतो, त्यामुळे एखाद्या भारतीय किंवा ब्रिटिश लेखकाची पहिलीच कादंबरी असेल तर ती थेट मोठ्यांच्या स्पर्धेत "बेस्ट नॉव्हेल" मध्ये उतरते. "फॅक्ट क्राइम" हा खऱ्या गुन्ह्यांवरच्या पुस्तकांचा विभाग, पॉडकास्टवाल्या मंडळींनी तिकडे जावं.

आणि ज्यांना दिवाळी अंकातल्या रहस्यकथांची सवय आहे, 'नवल' वगैरे वाचत मोठे झालेत, त्यांनी शॉर्ट स्टोरीचा विभाग अजिबात सोडू नये. यातल्या बऱ्याच कथा एलरी क्वीन्स मिस्ट्री मॅगझिन (1941 पासून चालू आहे, आणि अजून छापून निघतं!) किंवा आल्फ्रेड हिचकॉकच्या नावाच्या मासिकातून येतात. नॉमिनेट झालेली कथा मासिकाच्या साइटवर काही दिवस फुकट वाचायला ठेवलेली पण असते कधीकधी, जानेवारीतच शोधा, नंतर काढून टाकतात. एका कथेला अर्धा तास लागतो, लेखक आवडला तर कादंबरीकडे जायचं, नाही आवडला तर खर्च शून्य.

डॅगरमध्ये भाषांतरित पुस्तकांचा वेगळा विभाग आहे आणि त्यामागे एक भानगड आहे. 2005 चं मुख्य गोल्ड डॅगर आइसलँडच्या अर्नाल्डुर इंड्रिदासनला मिळालं, आणि पुढच्या वर्षापासून मुख्य डॅगर फक्त मूळ इंग्रजी पुस्तकांसाठी ठेवून भाषांतरांसाठी वेगळं सुरू केलं. यावर तेव्हा लोक चिडले होते, मला मात्र वाचक म्हणून फायदाच वाटतो, कारण आता दरवर्षी फ्रेंच, जपानी, कोरियन, स्वीडिश असा सगळा मेळा एकाच यादीत आयता मिळतो.

तिसरं, वर्षाचा घोळ. 2021 चं एडगर म्हणजे 2020 मध्ये अमेरिकेत आलेली पुस्तकं. आणि पुस्तक एका देशात आधी, दुसऱ्या देशात नंतर येतं, म्हणून तेच नाव वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या यादीत दिसतं. अबीर मुखर्जीचं 'अ रायझिंग मॅन', 1919 च्या कलकत्त्यातलं, ब्रिटनमध्ये 2016 ला आलं, 2017 ला तिथलं हिस्टॉरिकल डॅगर मिळालं, आणि एडगरच्या बेस्ट नॉव्हेलच्या नॉमिनेशनमध्ये 2018 ला. केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (करीनाचा 'जाने जान' यावरच आहे) जपानमध्ये 2005 चं आणि एडगरच्या यादीत 2012 ला. त्यामुळे "हे तर जुनं पुस्तक आहे, आत्ता कसं नॉमिनेट झालं" असं म्हणून सोडून देऊ नका.

नावं पण बदलतात. सुजाता मॅसीचं 'द विडोज ऑफ मलबार हिल' भारतात घ्यायला गेलात तर कव्हरवर 'विडोज' सापडणार नाही, 'मर्डर' आहे. म्हणून शोधताना लेखकाच्या नावाने शोधा.

चौथं, मालिका आहे का ते बघा. नॉमिनेट झालेलं पुस्तक बऱ्याचदा मालिकेतलं सातवं नाहीतर बारावं असतं आणि डिटेक्टिव्हचा घटस्फोट, दारू, मेलेला पार्टनर हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. माझा नियम असा की लेखक नवा असेल आणि मालिका पाचच्या आत असेल तर पहिल्यापासून सुरुवात, त्यापेक्षा लांब असेल तर सरळ नॉमिनेट झालेलंच उघडायचं, कारण कोणालातरी ते स्वतंत्रपणे चांगलं वाटलंय ना.

आता एक यादी प्रत्यक्ष घेऊन बघू म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. 2021 च्या एडगरची बेस्ट नॉव्हेलची सहा नॉमिनेशन्स. दीपा अनप्पराचं 'जिन पट्रोल ऑन द पर्पल लाइन', भारतातल्या एका झोपडपट्टीत मुलं गायब होतायत आणि टीव्हीवर पोलिसांच्या मालिका बघून शहाणा झालेला नऊ वर्षांचा जय दोन मित्रांना घेऊन तपास करायला निघतो. रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब', इंग्लंडमधल्या निवृत्तांच्या सोसायटीतले चार म्हातारे. कॅरोलाइन कूनीचं 'बिफोर शी वॉज हेलन', यातही निवृत्त बाईच, पण खोट्या नावाने आयुष्य काढलेली. क्वेइ क्वार्टीचं 'द मिसिंग अमेरिकन', घानामधली इंटरनेट फ्रॉडची दुनिया आणि एक नवखी लेडी डिटेक्टिव्ह. आयव्ही पोचोडाचं 'दीज विमेन', लॉस एंजेलिस, खुनी माणसापेक्षा त्याच्या आसपासच्या बायकांची गोष्ट. हेदर यंगचं 'द डिस्टंट डेड', नेवाडातल्या छोट्या गावातला गणिताचा मास्तर.

जिंकलं 'जिन पट्रोल'. मनापासून आनंद झाला. पण तुम्ही फक्त तेच वाचलंत आणि ते पुस्तक काही हलकंफुलकं नाही हां, मुलांच्या आवाजात सांगितलंय म्हणून फसू नका, आतून हलवून टाकतं, तर तुम्हाला वाटेल एडगर म्हणजे असलंच सगळं जड. त्याच यादीत थर्सडे मर्डर क्लब आहे की, चहाबरोबर हसत वाचण्यासारखं! आणि लॅपटॉपवरच्या फसवणुकीचे मेसेज ज्यांना रोज येतात त्यांनी तर घानावालं घ्यावंच. म्हणून आपला मूड काय आहे तो आधी ठरवायचा आणि मग सहाही पुस्तकांची मागची माहिती वाचून दोन निवडायची, एक आपल्या नेहमीच्या आवडीचं आणि एक जे एरवी हातात घेतलं नसतं असं.

त्याच वर्षी मुंबईवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी होत्या. पहिल्या कादंबरीच्या विभागात नेव्ह मार्चचं 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' नॉमिनेट झालं, गोष्ट 1892 ची, राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणींचा पडून मृत्यू झाला होता त्या खऱ्या घटनेवरून सुचलेली. आणि तिकडे डॅगरमध्ये वसीम खानच्या 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस' ने हिस्टॉरिकल डॅगर जिंकलं, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातली मुंबई आणि पर्सिस वाडिया ही पोलिस इन्स्पेक्टर. सुजाता मॅसीच्या त्या 'विडोज ऑफ मलबार हिल' मधली परवीन मिस्त्री 1921 च्या मुंबईतली वकील, भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजींवरून सुचलेली, त्या पुस्तकाला अगाथा 2018 चं मिळालंय. एवढ्या पारशी नायिका बघून मला प्रश्न पडतो की गिरगावातली एखादी जोशी किंवा लालबागची एखादी परब कधी येणार या याद्यांमध्ये, पण असो.

आणि हे आजचं पण नाही बरं का. एच. आर. एफ. कीटिंगच्या 'द परफेक्ट मर्डर' ला 1964 चं गोल्ड डॅगर मिळालं, त्यात बॉम्बे सीआयडीचा इन्स्पेक्टर घोटे, आणि कीटिंग तोपर्यंत भारतात आलाच नव्हता! जवळपास दहा वर्षांनी आला. पुढे त्यावर पिक्चर निघाला, नसीरुद्दीन शाह घोटे. पुस्तकात काही ठिकाणी मुंबई ओळखू येत नाही, तरी घोटेचा बिचारेपणा मात्र अगदी ओळखीचा वाटतो.

यावरूनच शेवटची युक्ती, जुन्या याद्या. चालू वर्षाची पुस्तकं महाग असतात, भारतात उशिरा येतात, हार्डकव्हर तर विचारूच नका. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची यादी उघडा, एडगरची सगळी जुनी नॉमिनेशन्स त्यांच्या डेटाबेसमध्ये वर्षानुसार शोधता येतात, त्यातली नावं मोबाइलच्या नोट्समध्ये लेखकाच्या आडनावाने टाकून ठेवा आणि फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा किलोवर पुस्तकं मिळतात त्या प्रदर्शनात गेलात की नोट्स काढून बसा. तिथे ढिगात पडलेल्या जाड्या पेपरबॅकमध्ये कुठलं उचलायचं हे बाकीच्यांना कळत नसतं, तुम्हाला कळेल. कव्हरवर "एडगर नॉमिनी" छापलेलं असतं बऱ्याचदा, पण जरा नीट बघा, कधीकधी ते "एडगर नॉमिनेटेड लेखकाचं नवीन पुस्तक" असं असतं, म्हणजे नॉमिनेशन भलत्याच पुस्तकाचं आणि हे त्यानंतरचं.

नवीनच हवं असेल तर किंडलवर सॅम्पल फुकट मिळतं ते डाउनलोड करा, सहाही पुस्तकांचं, आणि एका रविवारी ओळीने सहा सॅम्पल वाचून काढा. ज्याचं सॅम्पल संपल्यावर चिडचिड होईल ते घ्यायचं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये भाऊबहीण असेल तर यादी त्यांना पाठवा, तिथल्या लायब्ररीच्या सेलमध्ये ही पुस्तकं फार स्वस्तात निघतात, फक्त बॅगेत वजन किती शिल्लक आहे ते आधी विचारा, नाहीतर लोणच्याच्या बरण्या आणायला सांगितल्यासारखं तोंड करतात.

वाचून झालं की यादीत त्या नावापुढे एक ओळ लिहून ठेवा, आवडलं का, का नाही, अर्धवट सोडलं का. वर्ष-दोन वर्षांत कळायला लागतं की आपली आवड कोणाशी जुळते, एडगरच्या लेखकमंडळींशी की अगाथाच्या किटलीवाल्यांशी. माझी अगाथाशी जुळते आणि डॅगरच्या भाषांतरांशी, गोल्ड डॅगरशी मात्र फारच कमी.