मिरचीच्या बोकड्यावर आरएनए फवारा: वापरायचा तर असा

निपाणी-खानापूर पट्ट्यात मिरची लावणाऱ्या भावांनो, बोकड्या म्हणजे पांढरी माशी पसरवते तो पान मुरडणारा विषाणूरोग. आधी एक डोक्यात पक्कं करा, आरएनएआय (आरएनए वापरून जीनचं काम बंद पाडायची रीत) हे औषध नव्हे, ती लस समजा. आरएनए म्हणजे जीनचा संदेश नेणारा रेणू; विषाणूच्या जीनशी जुळणारा दोन पदरी आरएनए पानात गेला की झाड त्याचे २१ ते २४ अक्षरांचे बारीक तुकडे करतं आणि ते तुकडे धरून विषाणूचा संदेश शोधून कापतं, म्हणून पान आक्रसल्यावर फवारून काय उपयोग नाही, रोप लहान असतानाच करायचं.

फवारा संध्याकाळी घ्या, उन्हात आरएनए लवकर तुटतो. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. आणि पांढरी माशी रस आतून ओढते, पान कुरतडत नाही, त्यामुळे वरवरच्या फवाऱ्यानं ती मरेल असं धरून बसू नका. ब्राझीलनं २०११ मध्ये याच माशीच्या विषाणूसाठी घेवड्याचे जीन बदलून बियाण्यातच ही आरएनएआयची सोय बसवलेलं वाण मंजूर केलं, ती वाट जास्त भक्कम वाटते मला.

कोण बाटली घेऊन दारात आला तर लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी नंबर बघा, नसेल तर परत पाठवा.

असा नोंदणीचा फवारा हाती येईतोवर वाफ्यावर ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी, रानाच्या कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी आणि पिवळे चिकट सापळे लावाच. सकाळी झाड हलकं हलवून बघा, पिठासारखी पांढरी धूळ उडाली म्हणजे माशी आलीय, मुरडलेलं रोप त्याच दिवशी उपटून पिशवीत घाला, बांधावर टाकू नका.