नव्या व्हेरियंटची बातमी कशी वाचावी

करोनाच्या नव्या व्हेरियंटचं नाव बातम्यांत आलं की नात्यातले सगळे मलाच विचारतात, "हा जास्त घातक आहे का गं?" मी आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळेत काम करते ना. पण त्या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात: तो वेगाने पसरतो का, आधीच्या प्रतिकारशक्तीला चकवतो का आणि आजार अधिक गंभीर करतो का. बातमीत या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधायची.

उत्परिवर्तनांचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुरातल्या बदलांचा, आकडा बघून धसका घेऊ नका. हा मजकूर म्हणजे विषाणूचा आरएनए, त्यात सुमारे ३०,००० अक्षरं आहेत. नक्कल होताना चुका होतात, पण त्यातल्या बऱ्याच दुरुस्त करणारं एन्झाइम त्याच्याकडे आहे, म्हणून एका वंशावळीत महिन्याला साधारण दोनच बदल साठतात. बहुतेक बदलांनी विषाणूचा काही फायदा होत नाही. मात्र प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णात संसर्ग महिनोन्महिने रेंगाळला, तर एकाच शरीरात बदलांवर बदल चढत जातात. दोन उपप्रकार एकाच पेशीत शिरले तर त्यांचे तुकडे जोडलेही जातात. २०२२ मधला एक्सबीबी असाच, बीए.२ या ओमिक्रॉनच्या उपप्रकाराच्या दोन वंशजांपासून झाला.

बदल किती यापेक्षा कुठे झाला ते बघा. ई४८४के असं लिहिलेलं असेल तर स्पाइक प्रथिनातल्या (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांतल्या) ४८४व्या जागेवरचं ग्लुटामिक आम्ल जाऊन तिथे लायसिन आलं. ऋण भाराच्या जागी धन भार आला, आणि नेमकी ती जागा पकडणाऱ्या अँटिबॉडींची पकड सुटली. स्पाइकमधला ३१९ ते ५४१ या जागांचा पट्टा लक्षात ठेवा. आपल्या पेशीवरच्या एसीई२ या प्रथिनाला विषाणू तिथूनच चिकटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सापडलेल्या बीए.२.८६ च्या स्पाइकमध्ये बीए.२ पेक्षा तीसहून अधिक बदल होते, तरी त्याची मोठी लाट आली नाही. मग त्याच्याच वंशात ४५५व्या जागी एक बदल झाला आणि तो जेएन.१ २०२४ च्या सुरुवातीला जगभर पुढे गेला.

काही बदल आमच्या मशीनवरच दिसतात. आमच्या किटमध्ये तीन जनुकं तपासली जातात. जनुक सापडलं की त्याचा कर्व्ह (आलेखातली रेषा) वर चढतो. अल्फाच्या सँपलमध्ये दोन कर्व्ह वर चढायचे आणि स्पाइकच्या एस जनुकाचा तळाशी आडवा पडून राहायचा, कारण स्पाइकमधल्या ६९ आणि ७० या जागाच गळालेल्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना ओमिक्रॉनची चाहूल लागली ती याच खुणेवरून. डेल्टात ही खूण नव्हती, म्हणून फरक लगेच कळला. तरीही खात्री सिक्वेन्सिंगनेच, म्हणजे आरएनएची अक्षरं क्रमाने वाचूनच, होते.

"अँटिबॉडींचा परिणाम आठ पटींनी घटला" हे वाक्य नीट समजून घ्या. सीरम (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव) टप्प्याटप्प्याने पातळ करतात: १:२०, १:४०, १:८०, असं पुढे. जुन्या विषाणूला १:६४० पर्यंत रोखणारं सीरम नव्याला फक्त १:८० पर्यंतच रोखू शकलं, तर ती आठ पट घट. याचा अर्थ संरक्षण आठ पटींनी कमी झालं असा होत नाही. या चाचणीत टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मोजल्याच जात नाहीत. त्या विषाणूचे अनेक वेगवेगळे तुकडे ओळखतात, त्यामुळे स्पाइक बदललं तरी त्यांची बरीचशी ओळख शाबूत राहते. म्हणूनच पुन्हा संसर्ग होतो, पण बहुतेकांना गंभीर आजार होत नाही.

"नव्या व्हेरियंटचं प्रमाण ६० टक्के" असं वाचलंत तर एकूण रुग्ण किती, हे लगेच शोधा. रुग्ण घटत असतानाही टक्का वाढू शकतो.

गांभीर्याचं उत्तर सगळ्यात उशिरा येतं. त्यासाठी रुग्णालयातल्या नोंदी लागतात; वय, लसीकरण, पूर्वीचा संसर्ग लक्षात घेऊन तुलना करावी लागते. त्यात आठवडे जातात, आणि पहिल्या चार दिवसांत छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. ओमिक्रॉनमध्ये एकेका रुग्णाचा धोका डेल्टापेक्षा कमी होता, पण बाधित इतके झाले की अनेक देशांत रुग्णालयं तरीही भरली.

घरात वयस्कर माणूस असेल किंवा कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर या उत्तराची वाट बघू नका. लसीचा शेवटचा डोस कधी झाला ते काढा आणि पुढचा घ्यायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा.