खणाच्या तुकड्यांची खाचरं

लेकीच्या सातवीच्या प्रोजेक्टला आम्ही भाताच्या खाचरांचं कोलाज केलं, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून चित्र. ड्रॉइंग पेपर फुगतो, जाड पुठ्ठाच घ्या. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा. कापू नका, हातानं फाडा. वर प्लॅस्टिक घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. आमचा पहिला पुठ्ठा तसाच सोडला आणि पापडासारखा वाकला.

आकाशाला पोस्टर कलरचा पातळ हात द्या, अक्षरं थोडी दिसू देत. बांधांना सुतळी. खाचरांना मी आईच्या जुन्या खणाच्या चोळीचे हिरवे तुकडे दिले. कडांचे सुटलेले दोरे कापू नका, लोंब्यांसारखे दिसतात. कापडाला फेविकॉल पाणी न घालता, बोटानं अगदी पातळ. जास्त झाला की डाग वर येतो.

चित्रकार पिकासोनं १९१२ मध्ये एका चित्राला दोराची चौकट लावली होती. सुतळी उरली तर तुम्हीही लावा.