अंगाच्या उष्णतेवर वीज: प्रयोग फसतो तो या चुकांमुळे

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं हा प्रयोग हौसेनं निवडतात. मनगटावर पेल्टिअर चकती (एक बाजू गरम आणि दुसरी गार असली की वीज देणारी चपटी वडी) बांधायची आणि अंगाच्या उष्णतेवर वीज तयार करून दाखवायची. प्रयोग अगदी खरा आहे. १९९८ साली सेइकोने ‘थर्मिक’ हे मनगटी घड्याळ याच तत्त्वावर बाजारात आणलं होतं. आपल्या गावातली मुलं मात्र मीटरवर काहीच दिसत नाही म्हणून चकती फेकून देतात, तेव्हा जीव हळहळतो. चकती बहुतेकदा चांगलीच असते.

ऊन जास्त तर वीज जास्त, असं धरू नका

विदर्भातली ही सगळ्यात मोठी चूक. जर्मन शास्त्रज्ञ सीबेकने १८२१ मध्ये जे पाहिलं त्याचं सार एवढंच, की दोन बाजूंच्या तापमानात फरक असला तरच वीज निघते. मनगटाची कातडी साधारण ३२-३३ अंशांवर असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ पर्यंत चढला, की उष्णता उलटी, हवेकडून अंगाकडे वाहते आणि मीटरवर उणे आकडा दिसतो. हवा ३३ अंशांच्या आसपास असेल तेव्हा तर जवळजवळ शून्य. म्हणून प्रयोगाचा खरा हंगाम हिवाळा. डिसेंबरात हरभऱ्याच्या वावरात जागलीला बसलेल्या माणसाच्या मनगटाभोवती हवा १०-१२ अंशांची असते, म्हणजे वीसेक अंशांचा फरक आयता मिळतो.

प्रयोग उन्हाळ्यातच करायचा असेल तर हीटसिंकवर (चकतीच्या बाहेरच्या बाजूची उष्णता हवेत सोडणारा धातूचा पंखेदार तुकडा) ओलं सुती फडकं ठेवा. आपली हवा मेमध्ये इतकी कोरडी असते की पाणी झपाट्यानं उडतं आणि फडकं कातडीपेक्षाही थंड होतं. घरातला वाळ्याचा कूलर याच कारणानं गार हवा देतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही.

हीटसिंकशिवाय चकती बांधू नका

नुसती चकती बांधली तर तिची बाहेरची बाजूही लवकरच तापते. हीटसिंक लावूनही वीस अंशांतले जेमतेम एक-दोन अंशच चकतीच्या वाट्याला येतात, बाकी फरक कातडी आणि हवेतच संपतो. १२७०६ क्रमांकाच्या चकतीतून एका अंशाला साधारण ५० मिलिव्होल्ट मिळतात. वरचे-खालचे पत्रे धातूच्या स्क्रूनं आवळू नका, उष्णता स्क्रूतूनच निसटते. रबरी पट्टा पुरे.

पहिल्या मिनिटाचा आकडा वहीत लिहू नका

बांधल्याबरोबर हीटसिंक गार असतो, म्हणून आकडा मोठा दिसतो. दहा मिनिटं थांबा, मग टिपा. परीक्षकासमोरही तोच आकडा सांगा.

एलईडी थेट जोडू नका

लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात, तुमच्याकडे शंभर मिलिव्होल्टही नसतात. मध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट हवं. एलटीसी ३१०८ ही चिप योग्य ट्रान्सफॉर्मरसोबत २० मिलिव्होल्टपासून सुरू होते. उन्हाळ्यात ओल्या फडक्याशिवाय प्रयोग केलात तर तारा उलट कराव्या लागतील, हे मात्र ध्यानात ठेवा. एलटीसी ३१०९ दोन्ही दिशांनी चालते, त्यामुळे आपल्या हवामानाला तीच बरी.

मोबाइल चार्ज होईल असं कुणाला सांगू नका

बसलेल्या माणसाचं अंग साधारण १०० वॉट उष्णता सोडतं, हे खरं. पण ती सगळ्या अंगातून जाते आणि एवढ्या थोड्या फरकात तिच्यातली टक्काभरही वीज होत नाही. मनगटावर मिलिवॉटच्या आतलाच हिशेब धरा. मोबाइलला काही वॉट लागतात. एवढ्याशा विजेवर काही मिनिटांनी एकदा अंगाचं तापमान मोजून नोंदवणारं यंत्र चालू शकतं, आणि उन्हातान्हात राबणाऱ्या मजुरासाठी ते फार मोलाचं ठरेल. वीज आधी कपॅसिटरमध्ये साठवा. कपॅसिटर भरतच नसेल तर तो लहान घेऊन बघा: मोठ्याची गळतीच कधी कधी सगळी कमाई खाते.